‘बाबा जेवत नाहीत’ म्हणजे नेमके काय होते? डिमेन्शिया आणि रोजचे जेवण

डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरी गेले की विस्मरणाच्या गोष्टी थोड्याच वेळात संपतात आणि बोलणे जेवणावर येते. ‘बाबा दोन घास खातात आणि उठून जातात’, ‘आई ताटासमोर नुसती बसून राहते’, ‘घास तोंडात धरून ठेवतात, गिळतच नाहीत’, ‘आत्ताच जेवली आणि पुन्हा जेवायला मागते’. घरचे लोक या सगळ्याला मिळून ‘जेवण नीट होत नाही’ असे म्हणतात. डॉक्टरांनाही तेवढेच सांगितले जाते, मग भूक वाढवणारे टॉनिक लिहून मिळते आणि त्याने फारसा फरक पडत नाही, कारण या चार तक्रारींची कारणे चार निरनिराळी आहेत.

जेवणे ही एक क्रिया वाटत असली, तरी ती अनेक लहान क्रियांची साखळी आहे आणि डिमेन्शियात ती एकाच वेळी सगळीकडे तुटत नाही. कोणती कडी निसटली हे घरच्यांना ओळखता आले, तर मदत तेवढ्याच जागी करता येते आणि बाकीचे जेवण त्या माणसाच्या स्वतःच्या हातात राहते. काळजी घेणाऱ्याने शिकून घ्यावे असे याहून महत्त्वाचे, निदान जेवणाच्या बाबतीत, मला दुसरे काही वाटत नाही.

भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला आहे. यांतले बहुतेक लोक घरीच राहतात आणि पत्नी, पती, सून, मुलगी किंवा ब्युरोतून आलेली बाई यांच्या हातून जेवतात. यांपैकी क्वचितच कोणाला हे काम कोणी समजावून सांगितलेले असते.

घास तोंडात जाण्यापूर्वी

जेवायला बसलेल्या माणसाला आधी भूक लागल्याची जाणीव व्हावी लागते. ताट, वाटी आणि पाण्याचे भांडे वेगवेगळे दिसावे लागतात. वाटीतले पिवळे पातळ काहीतरी म्हणजे आमटी आहे आणि ती खायची असते, हे उमगावे लागते. मग पोळीचा तुकडा मोडणे, तो भाजीला लावणे, घास उचलणे, वेळेवर तोंड उघडणे, चावणे, जिभेने घास मागे सरकवणे, गिळणे आणि पुन्हा ताटाकडे वळणे हे सारे एकापाठोपाठ घडावे लागते. शेवटी पोट भरले हे कळून थांबावेही लागते.

डिमेन्शिया निरनिराळ्या आजारांमुळे होतो आणि प्रत्येक आजार या साखळीला वेगळ्या ठिकाणी धक्का देतो. अल्झायमरमध्ये बहुधा नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी बाधित होतो, त्यामुळे अर्ध्या तासापूर्वी झालेल्या जेवणाची मेंदूत नोंदच राहत नाही. आजार मेंदूच्या इतर भागांत पसरतो तेव्हा दिसलेली वस्तू ओळखणे आणि सवयीच्या हालचाली क्रमाने करणे अवघड होते. हातात ताकद असते, पण चमचा कसा धरायचा हे हाताला सुचत नाही. पक्षाघाताचे झटके येऊन गेल्यावर होणाऱ्या डिमेन्शियात काही जणांना ताटाची एक बाजू, बहुधा डावी, लक्षातच येत नाही. आपल्याकडे डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. त्यामुळे ‘बाबांना हल्ली कोशिंबीर आवडत नाही’ असा घरच्यांचा समज होऊन बसतो. अशा वेळी जेवण अर्धे झाल्यावर ताट फिरवून ठेवले, तर उरलेलेही खाल्ले जाते.

ल्युई बॉडी डिमेन्शियात माणसाची स्थिती एकाच दिवसातही खालीवर होते, नसलेल्या गोष्टी दिसतात आणि गिळण्याचा त्रासही होऊ शकतो. भातात किडे आहेत म्हणून ताट सारणाऱ्या माणसाला खरोखर किडे दिसत असतात. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा ते ताट उचलून नेऊन दुसऱ्या ताटात दुसरे काही वाढणे शहाणपणाचे असते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात याच्या उलट चित्र दिसू शकते : भूक आवरत नाही, गोडाची ओढ अनिवार होते आणि घासावर घास कोंबले जातात. अशा व्यक्तीसमोर सगळे पातेले न ठेवता थोडे थोडे वाढणे आणि फराळाचे डबे नजरेआड, कुलपात ठेवणे आवश्यक असते. त्यात क्रूरपणा नाही, कारण कोंबलेला घास घशात अडकण्याचा धोका खरा असतो.

आधी पाहणे

उपाय करण्यापूर्वी तीन दिवस केवळ पाहावे आणि वहीत लिहावे. किती खाल्ले यापेक्षा जेवण कोठे थांबले याची नोंद अधिक उपयोगी असते. ताट समोर आल्यावर हात पुढे झालाच नाही, की हात पुढे झाला पण घास करता आला नाही? घास तोंडात गेला पण चावला गेला नाही? चावून झाला पण गिळला गेला नाही? की चांगले चालले असताना बेल वाजली, कोणी आत आले, आणि त्यानंतर ताटाकडे लक्ष परतलेच नाही? सकाळचे जेवण बरे होते आणि रात्रीचे बिघडते का, हेही लिहावे. पुष्कळ जणांची बेचैनी संध्याकाळी वाढते, त्यामुळे रात्रीचे जेवण नेहमीच फसते. अशा घरात पोटभर आहार सकाळी आणि दुपारी द्यावा आणि रात्री मऊ खिचडी किंवा दूध-केळे यांवर समाधान मानावे. दिवसाचा हिशेब पुरा झाला तर रात्रीच्या ताटासाठी झगडण्याचे कारण उरत नाही.

वजनाचीही नोंद ठेवावी. अल्झायमरमध्ये वजन घटणे हे पुष्कळदा निदान होण्याच्याही आधीपासून सुरू झालेले असते. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे महिन्यात तीन किंवा सहा महिन्यांत सहा किलो कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये.

खाणे अचानक, दोन-चार दिवसांत थांबले असेल तर त्याचे खापर डिमेन्शियावर फोडू नये. डिमेन्शिया हळूहळू वाढतो. अचानक बदल झाला तर लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, दाढदुखी, तोंडातले व्रण किंवा नवे औषध असे दुसरे काहीतरी झालेले असते. दुखते आहे हे त्यांना सांगता येत नाही, पण गालाकडे हात जातो, एकाच बाजूने चावले जाते, गरम चहाचा पहिला घोट घेताच चेहरा आक्रसतो. वजन घटले की हिरड्याही बदलतात आणि वर्षानुवर्षे बसणारी कवळी सैल होऊन टोचू लागते. औषधांचेही तसेच आहे. डोनेपेझिलसारखी डिमेन्शियावर दिली जाणारी औषधे काहींना मळमळ आणि अन्नावरची वासना जाण्याचा त्रास देतात, तर लघवीवरील ताबा किंवा झोप यांसाठीची काही औषधे तोंड कोरडे पाडतात आणि कोरड्या तोंडात पोळीचा घास फिरत राहतो. कोणतेही औषध आपण होऊन बंद करू नये, पण औषधांची यादी समोर ठेवून ‘यांपैकी कशाने भूक जात असेल का?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

ताटात काय दिसते

अल्झायमरमध्ये दृष्टी शाबूत असतानाही रंगछटांमधला सूक्ष्म फरक ओळखण्याची क्षमता कमी होते. पांढऱ्या बशीतला दहीभात आपल्याला दिसतो. त्यांना पांढऱ्यावर पांढरे दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन येथील संशोधकांनी अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यातील रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांतून खायला-प्यायला दिले, तेव्हा त्यांच्या खाण्यात सरासरी २५ टक्के आणि पिण्यात ८४ टक्के वाढ झाली. रुग्ण मोजकेच होते, आणि गडद निळ्या भांड्यांनीही तसाच फायदा झाला, म्हणून लाल रंगाचे विशेष महत्त्व मानू नये. महत्त्व आहे ते अन्न आणि भांडे यांच्यातील ठळक फरकाला.

आपल्या घरातले स्टीलचे ताट या दृष्टीने सर्वांत अडचणीचे आहे. ते चकाकते, त्यात ट्यूबलाइट आणि स्वतःचा चेहरा दिसतो, आणि स्टीलच्या ताटात ठेवलेली स्टीलची वाटी त्यातच विरून जाते. माझ्या सासूबाई ताटाच्या कडेवरून बोटे फिरवत बसत आणि वाटीत हात घालतच नसत. आम्हाला वाटे की त्यांना आमटी नको आहे. गौरीजेवणाच्या दिवशी सर्वांबरोबर त्यांनाही केळीच्या पानावर वाढले, तेव्हा हिरव्या पानावरच्या पांढऱ्या भाताकडे त्यांचा हात कोणी न सांगता गेला. पान रोज मिळणे शक्य नसते, पण एकरंगी, गडद, न चकाकणारी आणि थोडी उंच कडा असलेली थाळी बाजारात सहज मिळते. नक्षीची थाळी घेऊ नये, कारण त्यावरची फुले वेचण्याचा प्रयत्न होतो. फुलाफुलांचे प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथही त्याच कारणासाठी काढून टाकावे.

ताटात एका वेळी एक किंवा दोनच पदार्थ असावेत. चटणी, कोशिंबीर, दोन भाज्या, आमटी, पापड असे डावे-उजवे भरलेले ताट हे आपल्या दृष्टीने प्रेम असते, पण ज्याला कशापासून सुरुवात करावी हे ठरवता येत नाही त्याच्यासाठी ते संकट असते. आधी भाजी-पोळी, ती संपल्यावर वरणभात, असे वाढावे. टीव्ही बंद असावा, उजेड भरपूर असावा, आणि टेबलावर औषधांचा डबा, वर्तमानपत्र, लोणच्याची बरणी असे काहीही नसावे. लोणचे भाजी समजून वाटीभर खाल्ले जाते.

हाताची आठवण

शब्द, चेहरे, तारखा यांच्या आठवणी पुसल्या जातात, तरी वर्षानुवर्षे केलेल्या हालचाली पुष्कळ काळ टिकून राहतात. या बाबतीत आपल्याला एक मोठी सोय आहे : आपण हाताने जेवतो. पाश्चात्त्य देशांतील पुस्तकांत काट्या-चमच्याऐवजी हातात धरता येतील असे खाऊचे तुकडे द्या, असा सल्ला असतो. आपल्या माणसाला तर लहानपणापासून तेच येते. म्हणून सांडते, कपडे खराब होतात या कारणाने घाईने चमचा हाती देऊ नये किंवा लगेच भरवायला सुरुवात करू नये. सांडलेले पुसता येते. पण एकदा भरवायला लागल्यावर हाताची सवय फार लवकर मोडते आणि ती परत आणणे कठीण असते.

पहिला घास सुरू करून देणे एवढीच मदत कित्येकदा पुरते. आपण त्यांच्या शेजारी, थोडे कोनात बसावे, आपला तळहात त्यांच्या हाताखाली धरावा आणि दोघांच्या हातांनी मिळून पहिला घास तोंडापर्यंत न्यावा. हात वरून धरून ढकलला तर बळजबरी वाटते आणि माणूस हात मागे ओढतो. खालून आधार दिला तर हालचाल त्याचीच राहते. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला हात पुष्कळदा आपोआप चालू लागतो. मध्येच थांबला तर बोलण्याऐवजी कोपराला हलका स्पर्श करावा. आपण समोर बसून स्वतः जेवणे हाही इशाराच असतो, कारण दुसऱ्याचे पाहून करण्याची क्षमता बराच काळ शिल्लक राहते. म्हणून त्यांना आधी उरकून टाकून नंतर घरच्यांनी जेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते, मग ती कितीही सोयीची असो.

पोळी मोडणे जमेनासे झाले, तर पोळी-भाजीची घट्ट गुंडाळी करून तिचे दोन बोटे लांबीचे तुकडे करावेत. मऊ थालीपीठ, धिरडे, घावन, इडली, ढोकळा, उकडलेल्या बटाट्याच्या किंवा रताळ्याच्या फोडी, ऑम्लेटच्या पट्ट्या, केळ्याचे काप, पिकलेल्या पपईच्या फोडी हे सारे हातात धरून खाता येते. ज्यांना एका जागी बसवत नाही आणि जे घरभर फेऱ्या मारतात, त्यांच्या हातात असा तुकडा देता येतो. जेवण बसूनच झाले पाहिजे हा आग्रह येथे थोडा सोडावा, फक्त तोंडातला घास संपेपर्यंत त्यांना थांबवावे. कोकणात आणि गोव्यात आयुष्यभर मासे खाल्लेल्या माणसांची वेगळी काळजी घ्यावी लागते. काटे काढण्याचे कौशल्य गेलेले असते, पण मासा ताटात आला की हात सवयीने घाई करतो. मासा बंद करणे हा अन्याय होईल. सुरमईसारख्या मोठ्या माशाची तुकडी घेऊन स्वयंपाकघरातच काटे काढून, बोटांनी चाचपून मगच वाढावी.

सवयी आणि शब्द

जेवायला नकार देणे हे नेहमी आजाराचे लक्षण नसते. जिने सगळी हयात घरातल्यांची पाने वाढून झाल्यावर शेवटी जेवण केले, ती बाई दुपारी बारा वाजता एकटीसमोर ताट ठेवल्यावर ‘तुम्ही बसा आधी, मी मागून बसते’ असेच म्हणणार. ‘आमची जेवणे झाली’ असे सांगून वाद घालण्यापेक्षा आपले ताट घेऊन तिच्याजवळ बसणे सोपे पडते. कोणाला देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेता येत नाही, कोणाला आंघोळ झाल्याशिवाय, कोणाचा आज उपवास आहे असा ठाम समज असतो. उपवासाचा हट्ट असेल त्या दिवशी भगर, रताळे, दूध, राजगिऱ्याची लापशी द्यावी. जेवणाआधीचा श्लोक, ताटाभोवती पाणी फिरवणे, हात धुऊन पंचाला पुसणे या जुन्या खुणा मेंदूला ‘आता जेवायचे’ असे शब्दांपेक्षा अधिक स्पष्ट सांगतात. घरात लसूण सोलणे, मटार सोलणे, मेथी निवडणे असे काम जेवणाच्या तासभर आधी त्यांच्याकडे दिले, तर हाताला काम मिळते आणि स्वयंपाकघरात फोडणीचा वास घेत बसल्याने भूकही चाळवते. विळी, सुरी आणि पेटता गॅस मात्र त्यांच्या हाताशी नसावेत.

बोलताना एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘आई, चला, हात धुवा आणि या जेवायला, तुमच्या आवडीची वांग्याची भाजी केली आहे’ या वाक्यात चार गोष्टी आहेत आणि त्यातली एकही पोहोचत नाही. ‘आई, चला’ एवढे म्हणून हात पुढे करावा. ‘काय खाणार?’ हा प्रश्न अवघड असतो. दोन वाट्या समोर धरून ‘हे की हे?’ विचारले तर बोट दाखवता येते.

‘मला कोणी जेवायला देत नाही’ हे वाक्य काळजी घेणाऱ्याला सर्वांत जास्त लागते, विशेषतः ते शेजाऱ्यांसमोर किंवा गावाहून आलेल्या नणंदेसमोर म्हटले गेले तर. ते खोटे बोलणे नसते. मेंदूत जेवणाची नोंद नसल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते खरेच उपाशी असतात. ‘तासापूर्वीच जेवलात’ असे सिद्ध करण्याचा काहीही उपयोग होत नाही. ‘हो, देते’ म्हणावे आणि लहानशी वाटी पुढे करावी. अशा घरात दुपारचे जेवण मुळातच दोन भागांत वाटून ठेवणे हा चांगला मार्ग आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी आणि त्यांनीही ती समजून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

थोड्या घासात जास्त पोषण, आणि पाणी

कमी खाणाऱ्या माणसाचे ताट मोठे करण्यापेक्षा घास समृद्ध करावा. वरणभातावर तुपाची धार, भाजीत बारीक दाण्याचे कूट, दुधात दूध पावडर, कणकेत सोयाबीनचे किंवा डाळीचे पीठ, शिऱ्यात केळे, चालत असेल तर अंडे, असे केले की त्याच चार घासांतून अधिक उष्मांक आणि प्रथिने मिळतात. या वयात, या आजारात, जुनी कडक पथ्ये डॉक्टरांना विचारून सैल करावीत. मधुमेह असेल तर धोका उलट्या बाजूने येतो : गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे दिले आणि जेवण दोन घासांवर थांबले, तर रक्तातील साखर एकदम उतरते. घाम, थरथर, अचानक वाढलेला गोंधळ किंवा गुंगी दिसली तर साखर तपासावी. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. जेवणाची खात्री नसेल तेव्हा औषध कधी आणि किती द्यायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

तहान लागल्याचे कळत नाही, म्हणून पाणी मागितले जात नाही. वृद्ध स्त्रियांना दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर पेय पदार्थ मिळावेत, असे युरोपातील पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा पाळावी. मोठा पेला एकदम रिकामा होत नाही. दर तासाला अर्धा कप, कधी पाणी, कधी ताक, कोकम सरबत, सार, चहा, असे चालू ठेवावे. कलिंगड, संत्री, पातळ खीर हेही पाणीच आहे. वाढलेला गोंधळ, गडद लघवी आणि बद्धकोष्ठता या तिन्हींच्या मुळाशी कित्येकदा पाणी कमी पडलेले असते.

गिळणे अवघड होते तेव्हा

आजार पुढे गेला की गिळण्याच्या क्रियेवर परिणाम होतो आणि अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू लागतो. जेवताना ठसका लागणे, घोटानंतर आवाज ओलसर घोगरा होणे, डोळ्यांत पाणी येणे, गालात अन्न साठून राहणे, वारंवार ताप आणि छातीत कफ होणे या खुणा आहेत. काहींना ठसकाही लागत नाही आणि थेट न्यूमोनियाच होतो. म्हणून खुणा दिसताच गिळण्याची तपासणी करून घ्यावी. ती स्पीच थेरपिस्ट करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बव्हंशी तेच असल्याने हे त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे.

घरी पाळायचे नियम थोडे आहेत, पण त्यांत कसूर नको. पाठ सरळ ठेवून, पाय टेकवून बसवूनच खायला द्यावे. पलंगावर असतील तर पाठीमागे उशा लावून सरळ बसवावे. हनुवटी किंचित खाली असावी. भरवणाऱ्याने उभे राहून भरवले तर मान वर होते आणि श्वासमार्ग उघडा पडतो, म्हणून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. घास चमच्याच्या अर्ध्याएवढा असावा, आणि आधीचा घास गिळल्याचे कंठमण्याच्या हालचालीवरून पाहूनच पुढचा द्यावा. पेंगत असतील तर देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे आणि तोंड स्वच्छ करावे, कारण तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेल्यानेही न्यूमोनिया होतो. कवळी रोज काढून धुवावी.

घास धरून ठेवणाऱ्याला ‘गिळा, गिळा’ म्हणण्याने फारसे साधत नाही. रिकामा चमचा ओठांना लावणे, थंड आणि कोमट घास आलटून पालटून देणे, आंबट-गोड चव देणे याने गिळण्याला चालना मिळते. पातळ आणि घट्ट यांचे मिश्रण सर्वांत अवघड असते : दूधपोहे, पातळ रश्शात तरंगणाऱ्या फोडी, चहात बुडवलेले बिस्किट. त्याऐवजी एकजीव मऊ खिचडी, खिमट, घोटलेला दहीभात, नाचणीचे सत्त्व, मऊसर उपमा द्यावा. शेंगदाणे, फुटाणे, फरसाण, अख्खी द्राक्षे, पापड, चिकट लाडू बंद करावेत. पाणी दाट करून देण्याची पावडर मिळते, पण ती तपासणीशिवाय सुरू करू नये, कारण दाट पाणी नकोसे वाटून पिणेच कमी होते. गोळ्या कुटून घासात मिसळण्यापूर्वीही विचारावे; हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळा डोस एकदम अंगात जातो.

घास अडकून आवाज आणि श्वास बंद झाला, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा माराव्यात. निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत, आणि हे आलटून पालटून चालू ठेवतानाच दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन करायला सांगावे. घरातल्या प्रत्येकाने आणि ब्युरोच्या बाईनेही हे आधीच शिकून ठेवावे.

नळीचा प्रश्न

शेवटच्या टप्प्यात एक दिवस रुग्णालयात नाकातून नळी घालण्याचा प्रश्न समोर येतो. ‘मग काय उपाशी ठेवायचे?’ हा विचार प्रत्येक कुटुंबाला पोळतो, आणि त्या क्षणी नळीला होकार देणारे कोणीही चुकलेले नसते. तरीही वैद्यकीय पुरावा काय सांगतो हे माहीत असावे. प्रगत डिमेन्शियात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा शय्याव्रण भरून येतात असे दिसून आलेले नाही; उलट नळी उपसली जाऊ नये म्हणून हात बांधून ठेवावे लागतात. म्हणूनच अमेरिकेतील वृद्धवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली अशा रुग्णांत नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याची शिफारस केली. म्हणजे जेवढे आवडीने जाईल तेवढेच, दोन चमचे पेज किंवा आइस्क्रीम, तोंड ओले ठेवणे, जवळ बसणे. तोंड मिटले की थांबणे. तात्पुरत्या, बऱ्या होणाऱ्या आजारात काही दिवसांसाठी नळी घालणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिचा निर्णय वेगळ्या निकषांवर होतो.

ही चर्चा आजाराच्या सुरुवातीलाच, त्यांना स्वतःचे मत सांगता येत असताना करावी, आणि कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर किंवा १९९२ पासून काम करणाऱ्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेकडे चौकशी करावी. जे ठरेल ते एका कागदावर लिहून, डॉक्टरांशी बोलून, औषधांच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावे. रात्री दोन वाजता त्यांना रुग्णालयात घेऊन जाणारा माणूस शेजारचा किंवा भाचा असू शकतो, आणि सही करायला सांगितल्यावर त्याच्या हातात तो कागद असला पाहिजे.